जाण्याच्या हक्काचा भाव

ऑगस्ट २०१० मध्ये मसाई उजिरी यांच्याकडे डेन्व्हर नगेट्स या बास्केटबॉल संघाचा कारभार आला. उत्तर नायजेरियातल्या झारिया शहरात वाढलेला हा माणूस एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये शिरला तो ऑर्लँडो संघाचा बिनपगारी स्काउट म्हणून. पुढे काही वर्षांतच तो अमेरिकेतल्या बड्या व्यावसायिक खेळांमधला पहिला आफ्रिकी जनरल मॅनेजर झाला. नव्या खुर्चीबरोबर त्यांना एक दुखणंही वारशाने मिळालं. त्याचं नाव कार्मेलो अँथनी, ऊर्फ मेलो.

मेलो तेव्हा २६ वर्षांचा, संघासाठी सर्वाधिक गुण करणारा. कागदावर त्याचा करार २०१२ च्या उन्हाळ्यापर्यंत होता. पण शेवटच्या वर्षाच्या तोंडाशी एक कलम होतं: मनात असेल तर त्याआधीच, म्हणजे २०११ च्या उन्हाळ्यात, त्याला करार मोडून मोकळं होता येत होतं. त्या एका वर्षाचा पगार होता सुमारे १ कोटी ८५ लाख डॉलर. एवढ्या रकमेवर पाणी कोण सोडेल? ज्याला दुसऱ्या गावात त्याहून मोठा करार मिळण्याची खात्री आहे तो. डेन्व्हरने त्याच्यापुढे तीन वर्षांची, साडेसहा कोटी डॉलरची मुदतवाढ ठेवली होती. मेलो सही करत नव्हता.

युरोपातल्या फुटबॉलसारखे नुसते रोख पैसे मोजून इथे खेळाडू विकत घेता येत नाहीत. अदलाबदल होते. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, किंवा पुढच्या एखाद्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडण्याचा हक्क. आणि खेळाडू येतो तो आपल्या करारासकट. पगार, मुदत, कलमं, सगळं जसंच्या तसं घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं. प्लेअर ऑप्शन असेल तर शेवटचं वर्ष खेळायचं की नाही हे खेळाडू ठरवतो. टीम ऑप्शन असेल तर त्याला ठेवायचं की नाही हे संघ ठरवतो. मेलोकडे होता तो अर्ली टर्मिनेशन ऑप्शन. वकिलांच्या लेखी तो वेगळा, पण व्यवहारात प्लेअर ऑप्शनचाच सख्खा भाऊ. त्यामुळे मेलो घेणाऱ्याला पहिला प्रश्न पडायचा तो त्याच्या उडीचा किंवा नेमबाजीचा नव्हे, तो किती दिवस राहणार याचा.

हा प्रश्न एनबीएला नवा नव्हता. सतरा वर्षांपूर्वी त्याने एक संघ मुळापासून उखडला होता.

१९९३ च्या ड्राफ्टमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सचे प्रशिक्षक आणि सूत्रधार डॉन नेल्सन यांनी ख्रिस वेबरसाठी जीव टाकला. ऑर्लँडोने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं होतं. नेल्सन यांनी त्याच्या बदल्यात आपण निवडलेला पेनी हार्डवे दिला आणि वर पहिल्या फेरीचे तीन ड्राफ्ट हक्क दिले. मग वेबरशी करार झाला तो पंधरा वर्षांचा, ७ कोटी ४४ लाख डॉलरचा. पंधरा वर्षं! आजच्या नियमांत असा करार बसणारच नाही. पण त्यात एक पळवाट होती. पहिल्याच वर्षानंतर वेबरला बाहेर पडता येणार होतं.

अशा पळवाटांचा तो मोसमच होता. सॅलरी कॅप, म्हणजे संघाने एकूण किती पगार वाटावा याची मर्यादा, बाहेरून येणाऱ्या खेळाडूला लागू पडायची. स्वतःच्या खेळाडूशी नव्याने करार करताना मात्र संघाला ती ओलांडता येत असे. मग युक्ती निघाली: बाहेरच्याला यंदा थोडक्यात आणा, एका वर्षानंतरचा ऑप्शन द्या, तो मोकळा झाला की 'आपला' म्हणून हवा तेवढा पगार द्या. त्याच साली ख्रिस डडली हा खेळाडू पोर्टलंडकडे पहिल्या वर्षाच्या ७ लाख ९० हजार डॉलरवर गेला तो याच हिशेबाने. एनबीएने हरकत घेतली, प्रकरण न्यायाधीशापुढे गेलं आणि लीग हरली.

वेबरच्या बाबतीत ती पळवाट पैशापेक्षा रागासाठी वापरली गेली. मोसम उत्तम गेला होता. वॉरियर्सनी ५० सामने जिंकले, वेबर वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. पण नेल्सन त्याला सेंटरच्या जागी खेळवत, वर चारचौघांत झापत, आणि एकवीस वर्षांच्या पोराला दोन्ही सहन होत नव्हतं. १९९४ च्या शरदात त्याने कलम वापरलं. करार संपला, पंधरापैकी चौदा वर्षं हवेत विरली. नोव्हेंबरमध्ये वॉरियर्सना त्याला वॉशिंग्टनकडे धाडावं लागलं. बदल्यात टॉम गुगलियोटा आणि पहिल्या फेरीचे तीन हक्क मिळाले. वरवर पाहिलं तर वेबरसाठी जेवढं मोजलं तेवढं परत आलं. पण गुगलियोटाला त्याच मोसमात पुढे पाठवून दिलं, फेब्रुवारी १९९५ मध्ये नेल्सन गेले, आणि वॉरियर्स पुन्हा प्लेऑफमध्ये दिसले ते थेट २००७ साली.

मालकांनी बोध घेतला तो आपल्या सोयीचा. लीग आणि खेळाडू यांच्यातल्या १९९५ च्या सामूहिक करारात नवोदितांचे पगार ठरावीक कोष्टकात बसवले गेले, आणि पुढे त्या करारांत ऑप्शन आले तेही संघाच्या हातातले. १९९८-९९ च्या टाळेबंदीनंतर मोठ्या खेळाडूंच्या पगारालाही कमाल मर्यादा आली. याचा एक परिणाम तेव्हा फारसा कुणाच्या लक्षात आला नसावा. सगळेच संघ अव्वल खेळाडूला जवळपास तेवढाच आकडा देऊ शकत असतील, तर त्याच्या वकिलाने भांडायचं कशावर? मुदतीवर आणि ऑप्शनवर. पैशाची वाट अडली, म्हणून घासाघीस कलमांवर येऊन ठेपली.

(संघाच्या हातातला ऑप्शनही कधीकधी संघालाच भोवतो. २००४ मध्ये क्लीव्हलंडकडे कार्लोस बूझरला जेमतेम ६ लाख ९५ हजार डॉलरमध्ये आणखी एक वर्ष ठेवण्याचा हक्क होता. तो त्यांनी सोडला. तोंडी समजूत अशी होती की मोकळा झाल्यावर तो इथेच मोठा करार करेल, असं क्लीव्हलंडचं म्हणणं. मी असा शब्द दिलाच नव्हता, असं बूझरचं. तो यूटाकडे सहा वर्षांच्या ६ कोटी ८० लाखांवर निघून गेला. व्यवहारातल्या तोंडी शब्दाची गत सगळीकडे सारखीच.)

२००६ च्या उन्हाळ्यात २००३ च्या ड्राफ्टमधल्या चौघांपुढे मुदतवाढीचे कागद आले. लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश यांनी तीन वर्षं पक्की आणि चौथ्यावर आपला ऑप्शन, असा आखूड करार घेतला. मेलोने पूर्ण पाच वर्षं घेतली, शेवटच्यावर मोडण्याचा हक्क ठेवून. पैशाचा विचार केला तर मेलोचं चुकलं असं म्हणवत नाही. पण त्यामुळे ते तिघे २०१० मध्ये मोकळे झाले आणि मेलो २०११ मध्ये व्हायचा राहिला. मधल्या बारा महिन्यांत काय काय घडलं पाहा. ८ जुलै २०१० रोजी लेब्रॉनने थेट दूरदर्शन प्रक्षेपणात मायामीला जात असल्याचं सांगितलं. बॉश टोरोंटोहून तिथेच गेला. टोरोंटोच्या पदरात काही ड्राफ्ट हक्कांपलीकडे काही पडलं नाही. त्या वेळी टोरोंटोच्या कचेरीत सहायक जनरल मॅनेजर कोण होतं? मसाई उजिरी. मोठा खेळाडू फुकट गेल्यावर संघ कसा दिसतो हे पाहून, दोन महिन्यांच्या आत ते डेन्व्हरला आले.

म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांचं एकच काम होतं. मेलो जाणार हे धरून चालायचं आणि तो जाण्याआधी त्याची किंमत करायची.

गिऱ्हाईकं पुष्कळ असायला हवी होती. प्रत्यक्षात दोनच उरली, कारण मुदतवाढीवर सही करायला मेलो तयार असेल अशाच संघाला तो परवडणार होता. बाकीच्यांना फेब्रुवारी ते एप्रिल खेळणारा पाहुणा कशाला हवा? न्यू जर्सी नेट्सचा नवा मालक, रशियन अब्जाधीश मिखाइल प्रोखोरोव्ह, ड्राफ्ट हक्कांची थैली उघडून बसला होता. मेलोला मात्र जायचं होतं न्यू यॉर्क निक्सकडे. निक्सचे प्रमुख डॉनी वॉल्श यांचा हिशेब सरळ होता. हा माणूस चार महिन्यांनी मोकळा होणार आहे, त्याला आमच्याकडेच यायचं आहे, मग आत्ता निम्मा संघ त्याच्यावरून ओवाळून का टाकायचा?

या तर्काला एकच छिद्र होतं, आणि ते मेलोच्या खिशात होतं. ३० जून २०११ ला लीग आणि खेळाडू यांच्यातला सामूहिक करार संपत होता. मालकांना पगार खाली आणायचे होते, टाळेबंदीची चाहूल सगळ्यांना लागली होती. मेलो उन्हाळ्यापर्यंत थांबला असता तर निक्सकडे तो नव्या, कदाचित बऱ्याच कमी आकड्यावर गेला असता. जुन्या नियमांतले साडेसहा कोटी हवे असतील तर सही आत्ताच व्हायला हवी होती, आणि त्यासाठी आधी अदलाबदल. जाण्याचा हक्क मेलोचा होता, पण तो वापरण्याची घाईही त्यालाच होती.

उजिरींनी या घाईवर सगळा डाव मांडला. नेट्सशी बोलणी महिनोन्‌महिने चालली. तीन-तीन संघ आणि डझनाहून जास्त खेळाडू गुंतलेले आराखडे वर्तमानपत्रांत फिरत राहिले. १९ जानेवारीला प्रोखोरोव्हने पत्रकारांना बोलावून सांगितलं, आम्ही यातून बाहेर पडलो. महिन्याभरात तो पुन्हा आत आला. फेब्रुवारीत लॉस एंजलिसमध्ये ऑल-स्टार सामन्यासाठी सगळे जमले तेव्हा प्रोखोरोव्ह मेलोला भेटला आणि निक्सचे मालक जेम्स डोलनही भेटले. वॉल्श यांच्या सबुरीवर डोलन यांचा विश्वास उरला नव्हता. शेजारचा नेट्स संघ दीड वर्षात ब्रुकलिनला येणार होता. त्याच्या हाती मेलो लागावा ही कल्पनाच त्यांना सहन होण्यासारखी नव्हती.

२१ फेब्रुवारीच्या रात्री सौदा ठरला. अदलाबदलीची मुदत संपायला तीन दिवस उरले होते. निक्सना मेलो मिळाला, अनुभवी चॉन्सी बिलप्स मिळाला आणि आणखी काही जण. डेन्व्हरला मिळाले डॅनिलो गॅलिनारी, विल्सन चँडलर, रेमंड फेल्टन, टिमोफी मोझगोव्ह, २०१४ चा पहिल्या फेरीचा हक्क, दुसऱ्या फेरीचे दोन हक्क आणि ३० लाख डॉलर रोख. पगारांचा मेळ बसवायला मिनेसोटालाही मध्ये घ्यावं लागलं. कागदांच्या तळाशी एक बारीकसा हक्क होता: २०१६ च्या ड्राफ्टमध्ये डेन्व्हरला वाटलं तर निक्सशी क्रमांक बदलून घेता येईल. त्याकडे तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. मेलोने साडेसहा कोटींच्या मुदतवाढीवर सही केली आणि २३ तारखेला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मिलवॉकीविरुद्ध २७ गुण केले. सभागृह वेडं झालं होतं. तिकडे डेन्व्हरने उरलेल्या २५ सामन्यांपैकी १८ जिंकले. पुढे दोघेही प्लेऑफच्या पहिल्या फेरीतच हरले, हे इमानदारीने सांगायला हवं.

न्यू यॉर्कमध्ये वर्षानुवर्षं एक वाद चालू राहिला: चार महिन्यांत फुकट मिळणाऱ्या माणसासाठी एवढं का दिलं? मला हा वाद निक्सवर थोडा अन्याय करणारा वाटतो. फुकट मिळेल हे कोणी लिहून दिलं होतं? नेट्सचा पर्याय खोटा असता तर डोलन मूर्ख ठरले असते. पण तो पूर्ण खोटाही नव्हता आणि पूर्ण खराही नव्हता, आणि उजिरींची सगळी कमाई या मधल्या जागेतली होती.

मेलो पहिला सामना खेळत होता त्याच दिवशी, २३ फेब्रुवारीला, दुसरी बातमी आली. यूटाने आपला डेरॉन विल्यम्स नेट्सना देऊन टाकला. डेरॉनने जायचंय असं जाहीर केलेलं नव्हतं. त्याच्या करारात २०१२ नंतरचं वर्ष त्याच्या ऑप्शनचं होतं, एवढंच. यूटाने डेन्व्हरचे इतक्या महिन्यांचे हाल पाहिले आणि ठरवलं, आपल्याला ते नकोत. दीड मोसम बाकी असतानाच विकल्यामुळे भावही बरा आला: डेव्हिन हॅरिस, नुकताच तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला डेरिक फेवर्स, पहिल्या फेरीचे दोन हक्क आणि ३० लाख रोख. आजाराआधीच औषध घेण्याची ही पद्धत तेव्हापासून रूढ झाली.

टाळेबंदी आली आणि गेली. डिसेंबर २०११ मध्ये ख्रिस पॉल न्यू ऑर्लीन्सहून लॉस एंजलिस क्लिपर्सकडे गेला तेव्हा आणखी एक शहाणपण बाजारात आलं. पॉलच्या करारातही पुढच्या वर्षाचा ऑप्शन होता. तो वापरून मी राहीन, असं त्याने सौद्यातच कबूल केलं. क्लिपर्सना एकाऐवजी दोन मोसम मिळाले, म्हणून त्यांनी एरिक गॉर्डनसारखा उमदा खेळाडू आणि मिनेसोटाचा ड्राफ्ट हक्क सोडला. जाण्याचं कलम राहण्यासाठी वापरलं की भाव चढतो, हे पॉल विसरला नाही. २०१७ मध्ये ह्यूस्टनला जायचं होतं, पण त्यांच्याकडे मोकळ्या खेळाडूला घेण्याइतकी पगाराची जागा नव्हती. तेव्हा त्याने पुन्हा आपल्या शेवटच्या वर्षाला, सुमारे २ कोटी ४३ लाख डॉलरला, होकार दिला आणि मग अदलाबदलीने गेला.

ऑर्लँडोच्या ड्वाइट हॉवर्डची गोष्ट यापेक्षा फार दुःखी आणि थोडी विनोदी आहे. त्यालाही मेलोसारखाच, २०१२ च्या उन्हाळ्यात करार मोडण्याचा हक्क होता. त्याला नेट्सकडे जायचं होतं. मग नव्हतं. मग होतं. मार्च २०१२ च्या मध्यात, अदलाबदलीची मुदत संपायच्या आदल्या रात्री संघ सॅन अँटोनियोत खेळून निघाला तेव्हाही त्याचा निर्णय व्हायचा होता. व्यवस्थापनाने सांगितलं, हक्क लेखी सोडून दे, नाहीतर आज तुला विकतो. १५ मार्चला त्याने सही केली आणि पत्रकारांपुढे निष्ठेवर बोलला. दोन-तीन आठवड्यांनी प्रशिक्षक स्टॅन व्हॅन गंडी यांनी कॅमेऱ्यांपुढे सांगून टाकलं की ड्वाइटला मी नको आहे, हे मला वरूनच कळलंय. ते बोलत असताना हॉवर्ड मागून आला, काहीच माहीत नसल्यासारखा, आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. हातातली डाएट पेप्सी सांभाळत व्हॅन गंडी बाजूला झाले. एनबीएच्या इतिहासात एवढा अवघडलेला दुसरा क्षण मला आठवत नाही.

उन्हाळ्यात प्रशिक्षक गेले, जनरल मॅनेजरही गेले, आणि १० ऑगस्टला चार संघांच्या अदलाबदलीत हॉवर्ड लेकर्सकडे गेला. मार्चमध्ये हक्क सोडल्यामुळेच तो ऑगस्टमध्ये विकता आला. त्याची निष्ठेची सही प्रत्यक्षात ऑर्लँडोला दिलेली विक्रीची मुभा ठरली. लेकर्सनी अँड्रू बायनम फिलाडेल्फियाला सोडला, आणि तो तिथे गुडघ्यांमुळे एकही सामना खेळला नाही. हॉवर्ड स्वतः वर्षभर राहिला आणि जुलै २०१३ मध्ये ह्यूस्टनला गेला. ऑर्लँडोच्या वाट्याला आलेल्यांमध्ये निकोला वूचेविच नावाचा, तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नसलेला सेंटर होता. तो पुढे त्यांच्यासाठी दोनदा ऑल-स्टार झाला.

२०१४ मध्ये लेब्रॉन क्लीव्हलंडला परतला तो दोन वर्षांच्या कराराने, त्यातलं दुसरं वर्ष त्याच्या मर्जीचं. दर उन्हाळ्यात हा माणूस जाऊ शकतो, म्हणून दर हिवाळ्यात संघाने त्याला हवे ते खेळाडू आणायचे. त्याला पैशाचं कारणही होतं: दूरचित्रवाणीच्या नव्या हक्कांमुळे २०१६ मध्ये सॅलरी कॅप ७ कोटींवरून ९ कोटी ४० लाखांवर उडी घेणार होती, तोवर लांबच्या मुदतीत अडकणं तोट्याचं होतं. त्याचं पाहून इतर मोठे खेळाडूही तसेच करार मागू लागले.

पॉल जॉर्ज हा यातला सर्वांत स्वच्छ दाखला, कारण तो एकच माणूस दोन वर्षांच्या अंतराने दोनदा विकला गेला. २०१७ मध्ये त्याच्या करारात इंडियानाकडे एकच पक्कं वर्ष उरलं होतं, पुढचं त्याच्या ऑप्शनचं. जूनमध्ये त्याच्या एजंटने कळवलं की तो राहणार नाही, त्याला लॉस एंजलिस खुणावतंय. गिऱ्हाईकं मागे सरली. ओक्लाहोमा सिटीच्या सॅम प्रेस्टींनी धोका पत्करला आणि दिले फक्त दोघे: व्हिक्टर ओलाडिपो, ज्याचा पगार तेव्हा जड मानला जात होता, आणि वर्षाचा अनुभव असलेला डोमँटास साबोनिस. एकही ड्राफ्ट हक्क नाही. इंडियानाची खिल्ली उडवली गेली. दोघेही पुढे ऑल-स्टार झाले हा भाग वेगळा.  

जॉर्ज मात्र सगळ्यांना चकवून २०१८ मध्ये ओक्लाहोमातच राहिला, नव्या चार वर्षांच्या करारावर, शेवटचं वर्ष त्याच्या ऑप्शनचं. म्हणजे जुलै २०१९ मध्ये क्लिपर्सनी त्याला मागितलं तेव्हा त्याची दोन वर्षं पक्की होती. भाव काय आला? शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच हक्क आणि दोन वर्षं क्रमांक बदलून घेण्याची मुभा. मधल्या काळात जॉर्ज पाचपट चांगला खेळू लागला नव्हता. अर्थात यात आणखी एक गोष्ट होती. जॉर्ज आला तरच मोकळा झालेला कवाय लेनर्ड क्लिपर्सकडे येणार होता, तेव्हा ही किंमत दोघांची होती. पण जॉर्ज मोकळा व्हायला एकच उन्हाळा उरला असता, तर प्रेस्टींच्या हाती हे पत्ते आलेच नसते. त्या पाचांतल्या एका हक्कातून २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला, गिल्जस-अलेक्झांडर २०२५ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी ओक्लाहोमाने विजेतेपद जिंकलं.

आणि कवाय क्लिपर्सकडे आला कुठून? टोरोंटोतून. तिथे पुन्हा उजिरी.

ते २०१३ मध्ये टोरोंटोचे प्रमुख होऊन परतले होते. २०१८ मध्ये सॅन अँटोनियोचा कवाय लेनर्ड मांडीच्या दुखापतीमुळे मोसमात नऊच सामने खेळला होता, संघाशी बिनसलं होतं, त्याला लॉस एंजलिसला जायचं होतं. करारातलं २०१९-२० हे वर्ष, २ कोटी १३ लाखांचं, त्याच्या ऑप्शनचं. तो ते सोडणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. सात वर्षांपूर्वी जो मेलो उजिरींना विकावा लागला, अगदी तशाच कागदांचा माणूस आता बाजारात होता. या वेळी त्यांनी तो घेतला.

१८ जुलैला डेमार डीरोझन, याकोब पोल्टल आणि संरक्षित असा एक ड्राफ्ट हक्क देऊन त्यांनी कवाय आणि डॅनी ग्रीन आणले. डीरोझन नऊ वर्षं टोरोंटोत होता, शहर त्याचं होतं, त्याला आपण इथेच आहोत असं वाटत होतं. त्याचं दुखावणं खरं होतं आणि उजिरींनी जाहीर माफी मागितली. पण सौद्याकडे पाहा. कोकणात हापूसची बाग एका हंगामापुरती घेणारे व्यापारी असतात. झाडं मालकाची, मोहोरापासून शेवटच्या पेटीपर्यंतचं पीक घेणाऱ्याचं. टोरोंटोने कवायचा तसा एक हंगाम घेतला. त्याशिवाय डीरोझनची उरलेली तीन वर्षं, त्यातलं शेवटचं त्याच्या ऑप्शनचं, ती दुसऱ्याच्या माथी गेली. हंगाम फसला असता तरी संघ नव्याने बांधायला मोकळा राहिला असता. कवाय जाणारच, ही जी खात्री इतरांना घाबरवत होती, तिच्यामुळेच उजिरींना तो स्वस्तात मिळाला.

हंगाम फसला नाही. १२ मे २०१९, फिलाडेल्फियाविरुद्ध सातवा सामना, ९०-९०. कवायने उजव्या कोपऱ्यातून जोएल एम्बीडच्या हातावरून चेंडू फेकला. वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा चेंडू हवेत होता. तो कड्यावर चार वेळा आपटला आणि मग आत पडला. महिन्याभरात टोरोंटोने गोल्डन स्टेटला सहा सामन्यांत हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. कवायने ऑप्शन नाकारला आणि तो लॉस एंजलिसला गेला. टोरोंटोत कुणी विशेष रडलं नाही.

ऑप्शनचा भाव नेहमी खेळाडू जाण्याच्या भीतीतूनच ठरतो असं मात्र नाही. कधी तो न जाण्याच्या भीतीतून ठरतो. रसेल वेस्टब्रुकने २०२२ मध्ये लेकर्सकडे ४ कोटी ७१ लाखांच्या शेवटच्या वर्षाला आनंदाने होकार दिला, कारण बाहेर त्याला तेवढं कुणीच देणार नव्हतं. त्याला दुसरीकडे पाठवायला लेकर्सना फेब्रुवारी २०२३ मध्ये वर पहिल्या फेरीचा एक हक्क जोडावा लागला. खेळाडू फॉर्मात असेल तर तो निघून जातो, उतरणीला लागला असेल तर राहतो. ऑप्शन त्याच्या हातात असेल तर दोन्ही वेळा तोटा संघाचाच.

राहिला २०१६ चा तो बारीक हक्क. त्या वर्षी निक्सचा क्रमांक आला सातवा, डेन्व्हरचा नववा. डेन्व्हरने अदलाबदल केली आणि सातव्यावर जमाल मरे निवडला, जो २०२३ मध्ये त्यांच्या पहिल्या विजेतेपदाचा खांब ठरला. बदल्यात मिळालेला नववा क्रमांक निक्सकडे जायला हवा होता. पण त्या वर्षीचा आपला हक्क त्यांनी २०१३ मध्येच, आंद्रेया बर्न्यानी नावाच्या खेळाडूसाठी, टोरोंटोला देऊन टाकला होता. तेव्हा टोरोंटोत नुकतेच आलेले उजिरी होते. नवव्या क्रमांकावर त्यांनी निवडला ऑस्ट्रियाचा सेंटर याकोब पोल्टल, तोच जो दोन वर्षांनी कवायच्या बदल्यात सॅन अँटोनियोला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये उजिरींनी पहिल्या फेरीचा हक्क मोजून पोल्टलला परत आणलं. त्याचा करार त्या उन्हाळ्यात संपत होता. तो राहिला, चार वर्षांच्या, सुमारे आठ कोटी डॉलरच्या नव्या करारावर. त्यातलं चौथं वर्ष पोल्टलच्या ऑप्शनचं होतं.